कोणत्या कंपनीचे यंत्र घेऊ, डॉक्टर?

परवा सोमवारी दवाखाना बंद करण्याच्या वेळेला आमच्या जुन्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आत आले. हातात पिशवी होती. साखरेचे रिपोर्ट असतील असे मला वाटले. पण त्यांनी पिशवीतून काढली ती तीन रंगीत माहितीपत्रके. पुण्याला असलेल्या चिरंजीवांनी ती छापून पाठवली होती. तिन्ही चालण्याच्या यंत्राची, म्हणजे ट्रेडमिलची. एकाची किंमत २८ हजार, दुसऱ्याची ४२ आणि तिसऱ्याची ६५ हजार. ती टेबलावर ओळीने मांडून सर म्हणाले, "मुलगा म्हणतो पैसे मी भरतो, तुम्ही डॉक्टरांना विचारून फक्त कंपनीचं नाव कळवा. तेव्हा बोला. तुमचा शब्द शेवटचा."

मी नाव सांगितले नाही. सर थोडे नाराज झाले. डॉक्टरने औषधाच्या कंपनीचे नाव लिहून द्यावे आणि व्यायामाच्या यंत्राच्या कंपनीचे का देऊ नये, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. त्या दिवशी दवाखाना बंद व्हायचा होता, म्हणून उत्तर अर्धवट राहिले. ते आज येथे देतो. हा प्रश्न विचारणारे सर एकटे नाहीत. दर पावसाळ्याच्या तोंडाला मला तो दहा-बारा वेळा ऐकावा लागतो.

मी एकदा नाव सांगितले होते, त्याची ही हकिकत. २०२० सालच्या उन्हाळ्यात सगळे बंद होते. आमच्या कराडची प्रीतिसंगमाची बागही बंद. पेठेतील एक कापड दुकानदार, वय बावन्न, मधुमेह आठ वर्षांचा, रोज पहाटे घाटावर पाऊण तास फिरणारे. फिरणे बंद झाले आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.९ वर गेली. त्यांनी विचारले, "घरीच यंत्र घेतो, कोणत्या कंपनीचं घेऊ?" माझ्या एका वर्गमित्राच्या घरी पुण्यात एका कंपनीचे यंत्र होते. दिसायला छान होते आणि आवाज करीत नव्हते. एवढ्या भांडवलावर मी ते नाव सांगून मोकळा झालो. त्यांनी ४० हजारांच्या पुढचे यंत्र मागवले आणि दुसऱ्या मजल्यावर चौघांनी चढवले.

नऊ-दहा महिने ते त्यावर नेमाने चालले. साखर ७.१ वर आली. मी चारचौघांत त्यांचे उदाहरण देऊ लागलो. पुढच्या पावसाळ्यात एके दिवशी दिवे लागले, आकडे दिसले, पण पट्टा हलेना. कंपनीच्या फोनवर पिनकोड विचारला आणि "आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही" असे उत्तर मिळाले. पुण्याहून माणूस पाठवतो, पण जाण्यायेण्याचा खर्च द्या, असे ठरले. तो माणूस पाच आठवड्यांनी आला आणि मोटरचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाले आहे असे सांगून गेला. ते कार्ड दोन महिने आले नाही. मग कळले की ते मॉडेलच बंद झाले आहे. वॉरंटीचा कागद व्यवस्थित प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला होता. तो मलाही दाखवला.

तोपर्यंत बाग उघडली होती. पण पहाटे उठून घाटावर जाण्याची बारा वर्षांची सवय त्या यंत्राने सोडवली होती आणि यंत्र स्वतः गेले होते. दिवाळीनंतर साखर पुन्हा साडेआठच्या वर गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात मला इन्सुलिन सुरू करावे लागले. इन्सुलिन केवळ यंत्रामुळे लागले असे मी म्हणत नाही, मधुमेह आपल्या वाटेने पुढे जातच असतो. पण बाजारात मी दिसलो की ते गृहस्थ वर्षभर रस्ता बदलत. आपणच नियम मोडला या शरमेने. वास्तविक त्यांनी काहीच मोडले नव्हते. न विचारता नाव सांगितले ते मी.

त्या दिवसापासून मी कंपनीचे नाव सांगणे बंद केले आणि प्रश्न विचारू लागलो.

आता नावांकडे वळू. कॉस्को, पॉवरमॅक्स, फिटकिट, लाइफलाँग, डेकॅथलॉनचे डोमिऑस ही नावे आपण जाहिरातीत पाहतो. मोठ्या व्यायामशाळांत तैवानच्या जॉन्सन कंपनीच्या मॅट्रिक्ससारखी नावे दिसतात. मीरत आणि जालंदरला खेळाच्या व व्यायामाच्या सामानाचे जुने कारखाने आहेत, तेथूनही माल येतो. बाजारातील पुष्कळ यंत्रे चीनमध्ये तयार होऊन येतात आणि येथे त्यांवर नाव चिकटवले जाते. एकच सांगाडा दोन नावांनी, दोन किमतींना विकला जातो. त्यात बेकायदा काही नाही. पण नाव विकत घेताना आपण कारखाना विकत घेत नसतो. आपण घेतो ते त्या नावाने दिलेले दुरुस्तीचे वचन. ते वचन कराड, विटा किंवा वडूजपर्यंत पोहोचते की पुण्याच्या टोलनाक्यावर थांबते, एवढेच पाहायचे असते.

मोठे नाव म्हणजे अमरपट्टा, असाही समज आहे. अमेरिकेत बोफ्लेक्स हे घरगुती व्यायामसामग्रीतील फार मोठे नाव. २०२४ च्या मार्चमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि वर सांगितलेल्या जॉन्सनने तिची मालमत्ता विकत घेतली. पुढच्या वर्षी, जून २०२५ मध्ये, त्या नावाने विकलेले सुमारे ३८ लाख वजन बदलता येणारे डंबेल्स परत मागवण्याचे जाहीर झाले. व्यायाम चालू असताना वजनाच्या चकत्या निसटून पडत होत्या. म्हणजे नाव मोठे असूनही वस्तू फसू शकते, आणि नाव कायम राहून मालक बदलू शकतो.

आता मोटरविषयी. हा विषय मला एका ऊस बागायतदाराने शिकवला. कृष्णाकाठचे गृहस्थ, रक्तदाबासाठी येतात. पत्रकावर मोठ्या अक्षरांत "५ हॉर्सपॉवर" असे छापले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, आमच्या विहिरीवर पाचची मोटर आहे. तिला थ्री फेज लागतं. ही घरातल्या बोर्डावर कशी चालायची?"

मी हसलो, पण रात्री कागद घेऊन बसलो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आपल्या घरातील साध्या बारीक पिनेच्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर, दाब २३० व्होल्ट. गुणाकार केला की १३८० वॅट होतात, म्हणजे जेमतेम १.८५ अश्वशक्ती. गिझरला असते तशी जाड पीन असेल तर १६ अँपिअर, म्हणजे ३६८० वॅट. तेही ५ अश्वशक्तीच्या आतच राहते. मग ५ हा आकडा येतो कोठून? तो क्षणभराच्या जोराचा आकडा असतो. पत्रकात त्याला "पीक" म्हणतात. मोटर सतत किती ताकद देते त्याला "कंटिन्युअस" म्हणतात आणि तो आकडा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. साधारण वजनाच्या माणसाला नुसते चालायचे असेल तर सतत दीड ते दोन अश्वशक्ती पुरते. पळायचे असेल तर अडीच-तीन हवी. दुकानदाराला विचारावे, "सतत चालण्याची किती?" त्याला प्रश्नच कळला नाही तर पुढच्या दुकानात जावे.

त्याच पत्रकावर किती वजनाच्या माणसासाठी यंत्र आहे तेही लिहिलेले असते. घरातील सर्वांत वजनदार व्यक्तीपेक्षा तो आकडा निदान २० किलोने जास्त हवा. पट्ट्याची लांबी पाहावी. चालण्यासाठी साधारण ११० ते १२० सेंटिमीटर चालते, पण उंच माणसाचे पाऊल त्यावर आखडते. पाऊल आखडले की कंबर दुखू लागते आणि दोष वयाला दिला जातो. आणखी एक खूण आहे. व्यायामयंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती वापराच्या यंत्राला "एच" आणि संस्थेतील वापराच्या यंत्राला "एस" असा वर्ग असतो. मानकाप्रमाणे बनवलेल्या यंत्राच्या पाटीवर तो लिहिलेला असतो. सोसायटीने किंवा मंडळाने वर्गणी काढून घरगुती यंत्र घेतले आणि वीस जणांनी वापरले तर ते सहा महिन्यांत खिळखिळे होते आणि वॉरंटीही नाकारली जाऊ शकते. आमच्याकडच्या एका मंडळाचे तसे झाले. असो.

वॉरंटीचे गणितही वाचून घ्यावे. "५ वर्षे" हे शब्द बहुधा मोटरपुरते किंवा सांगाड्यापुरते असतात. पट्टा, इलेक्ट्रॉनिक कार्ड, आकड्यांचा पडदा आणि मेकॅनिकची मजुरी यांना बहुतेक वेळा एकच वर्ष असते. बिघडते ते कार्ड आणि झिजतो तो पट्टा.

याच्या उलट एक उदाहरण देतो. सोमवार पेठेतील एका वहिनींकडे एक सायकल आहे. जागेवर चालवायची, चुंबकाच्या ब्रेकची. कंपनीचे नाव मी त्याआधी कधी ऐकले नव्हते आणि आजही मला ते नीट उच्चारता येत नाही. ११ हजारांना घेतली. ज्या दुकानदाराने विकली तोच दुरुस्त करतो. त्याचा मुलगा स्कूटरवरून येतो. चार वर्षांत दोनदा पायडल आणि एकदा बैठक बदलली. बदललेले पायडल साध्या सायकलच्या दुकानातले आहे, बसते म्हणून बसवले. वीज लागत नाही, आकड्यांच्या पडद्याला दोन सेल लागतात. ते संपले तरी सायकल चालतेच. त्या रोज दुपारी अर्धा तास दूरदर्शनवरची मालिका पाहत पायडल मारतात. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची एक झाली.

मुद्दाम वहिनींचे सांगितले. "घाटावर मोफत फिरता येतं, यंत्र कशाला?" असे म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. मीही तसे म्हणत असे. पण पहाटे साडेपाचला डबे करायचे असतात, रात्री गल्लीत दिवा नसतो, कुत्री मागे लागतात आणि सून एकटी फिरायला निघाली तर चार खिडक्या उघडतात. अशा घरात कोपऱ्यातील एक सायकल बाईला अर्ध्या तासाची स्वतःची जागा देते. तेव्हा यंत्र घेणे म्हणजे श्रीमंती थाट, असे मी आता म्हणत नाही. त्यावर कोण बसणार, हे विचारतो.

घरात लहान मूल असेल तर माझा प्रश्न आणखी कडक असतो. दोन वर्षांपूर्वी चार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणली. आजोबा चालत होते, ती मागून आली आणि फिरत्या पट्ट्यावर हात टेकला. पट्टा आणि सांगाडा यांच्या फटीत पंजा ओढला गेला. घर्षणाने तळव्याची कातडी पांढरी पडून सोलली होती. अशी जखम भाजल्यासारखीच असते आणि खोल असते. भरताना कातडी आखडते आणि बोटे वाकडी राहू शकतात. मी मलमपट्टी करून तिला तातडीने प्लास्टिक सर्जनकडे पाठवले. दुसरीकडची कातडी लावावी लागली. आता ती पेन्सिल धरते. पण आजोबांनी यंत्र त्याच आठवड्यात विकले आणि स्वतःचे फिरणेही सोडले. यंत्र कोणत्या कंपनीचे होते याने त्या तळव्याला काही फरक पडला नसता.

परदेशातही हे घडले आहे. अमेरिकेतील पेलोटन कंपनीने मे २०२१ मध्ये आपल्या ट्रेड प्लस या यंत्राचे सुमारे सव्वा लाख नग परत मागवले. एक सहा वर्षांचे मूल यंत्राखाली ओढले जाऊन दगावले होते आणि सत्तरांहून अधिक अपघातांच्या तक्रारी आल्या होत्या. ते तेथील अत्यंत महागड्या यंत्रांपैकी होते. सरकारी खात्याने आधी इशारा दिला तेव्हा कंपनीने तो मानला नाही आणि पुढे चूक कबूल केली.

म्हणून ट्रेडमिल घेणाऱ्याने मागे निदान सहा फूट मोकळी जागा ठेवावी. आपल्याकडे जागा वाचावी म्हणून यंत्राचा मागचा भाग भिंतीला लावतात. पाय घसरला तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो. यंत्राला एक दोरीची किल्ली असते. तिचा चिमटा सदऱ्याला लावावा, पडलो तर किल्ली निघून पट्टा थांबतो. चालून झाले की किल्ली काढून कपाटात ठेवावी आणि प्लगही काढावा. वायरिंगला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून पाहून घ्यावे आणि यंत्र एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नये. चालताना वीज गेली तर पट्टा थांबतो आणि माणूस पुढे जातो, हे आपल्याकडच्या विजेच्या लहरीमुळे विसरून चालत नाही.

आता डॉक्टर म्हणून बोलतो. कंपनीच्या आधी यंत्राचा प्रकार ठरवायचा असतो आणि तो माहितीपत्रकावरून ठरत नाही, गुडघ्यावरून ठरतो. पंचावन्नच्या पुढच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला मी सायकल सांगतो. तिच्यावर शरीराचा भार बैठकीवर जातो. बैठक मात्र खाली-वर होणारी हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, इतकी ती उंच हवी. बैठक फार खाली ठेवली तर गुडघ्याची वाटी दुखू लागते आणि दोष सायकलला मिळतो. ज्यांना तोल सांभाळता येत नाही किंवा पाठ दुखते त्यांच्यासाठी मागे टेकायची खुर्चीवजा सायकल मिळते, जरा महाग असते. जाड भिंगाचा, दुहेरी नंबरचा चष्मा लावून ट्रेडमिलवर खाली पाहत चालणाऱ्या आजोबांना मी हात जोडून उतरवतो.

मधुमेह्यांनी तर पाय आधी तपासून घ्यावेत. ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे त्यांना बुटातील खडा किंवा फोड कळत नाही. घरातच आहोत म्हणून अनवाणी यंत्रावर चढू नये, मोजे आणि बूट घालावेत आणि उतरल्यावर तळवे पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर मोजावी. ९० च्या खाली असेल तर थोडे खाऊन मगच सुरू करावे. चालताना छातीत भरून येणे, घाम सुटणे, जबडा किंवा डावा हात दुखणे असे कधी झाले असेल तर यंत्राच्या दुकानाआधी दवाखान्यात यावे. आम्ही डॉक्टर हृदयाची ताणचाचणी ट्रेडमिलवरच करतो. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयतज्ज्ञाने १९६३ साली मांडलेली दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवण्याची पद्धत आजही वापरली जाते. (या यंत्राचा पूर्वज मात्र तुरुंगातला. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट नावाच्या इंजिनिअरने इंग्लंडमध्ये कैद्यांना पायऱ्यांच्या चाकावर तासन् तास चालवण्याची युक्ती काढली. काही रुग्णांचे चेहरे पाहून मला ती आठवते.)

यंत्रावर नाडीचे ठोके दाखवणारे आकडे असतात आणि वयाप्रमाणे ठोके किती असावेत याचा तक्ताही असतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ठोके मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तो तक्ता लागू पडत नाही. ठोके वाढत नाहीत म्हणून ते वेग वाढवत नेतात आणि दम लागून बसतात. त्यांनी बोलण्याची कसोटी वापरावी. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा जोर पुरे. किती कॅलरी जळाल्या हा आकडाही गंमत म्हणून पाहावा. त्यावर हिशेब ठेवून संध्याकाळी वडापाव खाणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. दांडी घट्ट धरून चालणाऱ्याच्या बाबतीत तर तो आकडा आणखीच फुगलेला असतो, कारण शरीराचा भार हात घेतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्यांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असे आहे. दुसरा भाग आपण विसरतो. त्याला ट्रेडमिल काही करीत नाही. त्यासाठी रबरी पट्टे, दोन-तीन किलोचे डंबेल्स किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे पुरते. आपल्या जिल्ह्यात तर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रसार केला. त्याला एक सतरंजी लागते. गुडघे आणि पाठ बरी असेल तर तो उत्तमच. पण रक्तदाब आटोक्यात नसलेल्याने किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोके खाली जाणारे आणि श्वास कोंडून करायचे प्रकार करू नयेत.

पोटाला बांधायच्या, थरथरणाऱ्या किंवा झिणझिण्या देणाऱ्या पट्ट्यांविषयी एकच वाक्य. २००२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा विजेच्या पट्ट्यांच्या तीन विक्रेत्यांवर खोट्या जाहिरातीबद्दल कारवाई केली होती, आणि आपल्याकडे ते पट्टे अजून दिवाळीच्या सुमारास खपतात.

पैशाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे, काहींना ते पटणार नाही. पहिले यंत्र नवे घेऊच नये. प्रत्येक पेठेत कपडे वाळत घातलेली एक तरी सायकल आहे. ती मालकाकडून महिनाभर उसनी मागावी, तो आनंदाने देईल. महिन्यात वीस दिवस बसलात तर विकत घ्या, ती किंवा दुसरी. हप्त्यावर घेऊ नये. यंत्र बंद पडते आणि हप्ता चालू राहतो, तेव्हा माणूस व्यायामावरच चिडतो. दुकानात घ्यायचे असेल तर घरचे बूट घालून जावे आणि त्यावर वीस मिनिटे चालावे किंवा बसावे. दुकानदार दोन मिनिटांत उतरवू लागला तर उतरावे आणि बाहेर पडावे.

आणि नावाचा प्रश्न? तो मी शेवटी ठेवला आहे, म्हणजे निकालात काढला असे नाही. नाव असे घ्यावे ज्याचा मेकॅनिक तुमच्या गावात किंवा जास्तीत जास्त शेजारच्या तालुक्यात राहतो. दुकानदाराने "आहे हो" म्हटल्यावर त्याचा फोन नंबर मागून घ्यावा आणि पैसे देण्याआधी स्वतः त्याला फोन करावा. त्या मॉडेलचे कार्ड आणि पट्टा त्याने या वर्षात कोणाला बसवला का, हे विचारावे. चालण्याच्या पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉन तेल घालावे लागते, ते कोठे मिळते तेही त्यालाच विचारावे. खोबरेल घालू नये. घातलेले मी पाहिले आहे.

हे सगळे मी सरांना दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. गुरुजीच ते, त्यांनी वही काढली. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितले. यंत्र दोघांसाठी आहे हेही तेव्हाच कळले. त्यामुळे ट्रेडमिल बाद झाली आणि तिन्ही पत्रके परत पिशवीत गेली. मग त्यांनी त्याच तीन कंपन्यांच्या सायकलींची चौकशी सुरू केली. दोन कंपन्यांनी पिनकोड विचारला आणि पुन्हा फोन केला नाही. तिसरीने साताऱ्यातील मेकॅनिकचा नंबर दिला. सरांनी त्याला लावला. त्याने सांगितले की त्या कंपनीचे काम त्याने मागच्या दिवाळीतच सोडले. नंबर अजून त्याचाच देतात, दिवसातून दोन-तीन फोन येतात. मग त्याने आपण होऊन विचारले, "सर, तुमच्याकडे जुनी चालते का? माझ्याकडे दोन आहेत, बैठक वरखाली होते."

रविवारी दोघे ती पाहायला साताऱ्याला जाणार आहेत. वहिनी बूट घालून जाणार की चपला, यावर घरी चर्चा चालू आहे असे कळते.